परदेशात आरोग्यजागृतीची फेरी पाहायला जाताना

मराठीत आपण ‘फेरी’ म्हणतो तेव्हा लोकांना काही सांगायला निघालेली माणसे डोळ्यांसमोर येतात, आणि ‘मोर्चा’ म्हणतो तेव्हा कोणाकडे तरी काही मागायला निघालेली. परदेशात आरोग्याच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरलेले लोक पाहायला जाणाऱ्याने सर्वांत आधी हा फरक मनाशी पक्का करावा. तिथल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द असू शकतो, फलकांचे रंगही सारखे असू शकतात. पण परक्या माणसाने कुठे उभे राहावे, काय टाळावे आणि केव्हा निघून यावे, हे त्या फरकावरच ठरते.

कधीकधी एकाच रस्त्यावर दोन्ही गोष्टी असतात. ९ जुलै २००० रोजी दक्षिण आफ्रिकेत डर्बनला तेरावी आंतरराष्ट्रीय एड्स परिषद सुरू होण्यापूर्वी हजारो लोक एचआयव्हीवरील औषधे सर्वांना मिळावीत या मागणीसाठी चालले, आणि परिषदेसाठी जगभरातून आलेले अनेक पाहुणेही त्यांच्यात होते. त्या दिवशी लोकांना रोगाची माहिती देणे आणि सरकार व औषध कंपन्यांकडे उपचार मागणे या गोष्टी वेगळ्या काढता आल्या नसत्या. अशा वेळी एक साधी खूण उपयोगी पडते, ती म्हणजे फेरी कुठे संपणार आहे हे पाहणे. ती तपासणीची टेबले मांडलेल्या मैदानावर किंवा रुग्णालयाच्या आवारात संपणार असेल, तर तिचे तोंड लोकांकडे आहे. ती मंत्रालयाच्या किंवा कायदेमंडळाच्या दारापाशी संपणार असेल, तर तिचे तोंड सत्तेकडे आहे. दोन्ही गोष्टी तितक्याच मोलाच्या आहेत, पण दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी परदेशी माणसाच्या उपस्थितीचा अर्थ वेगळा लावला जातो.

निघण्यापूर्वी

आरोग्याच्या फेऱ्या बहुधा ठरलेल्या दिवसांच्या आसपास निघतात. कुष्ठरोगासाठी जानेवारीतला शेवटचा रविवार, क्षयरोगासाठी २४ मार्च, हिवतापासाठी २५ एप्रिल, तंबाखूविरोधासाठी ३१ मे, मानसिक आरोग्यासाठी १० ऑक्टोबर, मधुमेहासाठी १४ नोव्हेंबर आणि एड्ससाठी १ डिसेंबर हे दिवस जगभर पाळले जातात. या तारखांमागची कारणे जाणून घेतली तर फलकांवरचे बरेच काही आपोआप उलगडते. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, आणि १४ नोव्हेंबर हा इन्सुलिनच्या शोधातील एक प्रमुख संशोधक फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. चिन्हांचेही तसेच आहे. लाल फीत १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधील कलावंतांनी एड्सग्रस्तांविषयीच्या आपुलकीची खूण म्हणून तयार केली, निळे वर्तुळ मधुमेहाचे आहे, आणि दोन आडव्या दांड्यांचा क्रूस १९०२ पासून क्षयरोगाविरुद्धच्या लढ्याशी जोडला गेला आहे. मात्र फेरी नेमकी त्याच दिवशी निघेल असे धरून चालू नये. लोकांना सवड मिळावी म्हणून ती अनेकदा जवळच्या सुट्टीच्या दिवशी घेतली जाते, म्हणून आयोजकांना आधी विचारावे आणि आदल्या दिवशी पुन्हा खात्री करावी.

आयोजकांना लिहिताना आपण कोण, कशासाठी येणार, छायाचित्रे काढणार की नाही आणि पाहिलेल्या गोष्टींचे पुढे काय करणार, हे चार-पाच वाक्यांत सरळ सांगावे. उत्तरात ते एखाद्या स्वयंसेवकाचे नाव देतात. गर्दीत ज्याला शोधता येईल असा एक ओळखीचा माणूस असणे ही परक्या मुलखात फार मोठी सोय आहे, आणि चौकशी झालीच तर आपण आगंतुक नाही हे सांगायलाही कोणी तरी असते.

कायद्याची बाजू मात्र आपल्यालाच पाहावी लागते. ती आयोजकांवर सोडून चालत नाही. नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २१ व्या कलमात शांततेने एकत्र येण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२० मध्ये स्पष्ट केले की हा हक्क नागरिकांइतकाच परकीयांनाही आहे, तसेच अशा जमावांचे निरीक्षण करणाऱ्यांनाही संरक्षण मिळाले पाहिजे. हे तत्त्व झाले. प्रत्यक्षात आपण ज्या व्हिसावर आलो आहोत त्याच्या अटी, त्या देशाचा जमावबंदीचा कायदा आणि त्या दिवशीचा पोलिसांचा आदेश यांनाच रस्त्यावर वजन असते. सिंगापूरमधील हाँग लिम पार्कात २०१७ मध्ये एका मोठ्या मेळाव्याच्या आयोजकांना परदेशी लोकांना आत घेता आले नाही, कारण बदललेल्या कायद्यात भाग घेणारा आणि नुसता पाहणारा हा भेदच उरला नव्हता. तो मेळावा आरोग्याचा नव्हता, पण त्यातला धडा इथेही तंतोतंत लागू पडतो. ‘मी तर फक्त बघत होतो’ हे उत्तर प्रत्येक देशात पुरेसे ठरत नाही, म्हणून ते पुरेसे आहे की नाही हे आधीच माहीत करून घ्यावे. शंका वाटली तर आपल्या दूतावासाला विचारावे, आणि उत्तर ‘टाळा’ असे आले तर टाळावे.

कपडे निवडताना त्या देशातल्या राजकीय पक्षांचे रंग कोणते आहेत हे एकदा पाहून घ्यावे. साधा सदरा चुकीच्या रंगाचा असला की लोक त्यात नको तो अर्थ वाचतात. पायांत चालण्याचे बूट, जवळ पाणी, पारपत्राची छायाप्रत आणि दूतावासाचा तातडीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवलेला, इतके पुरे. आणखी एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून ती ठळकपणे सांगते. आरोग्याच्या फेरीत चालणाऱ्यांमध्ये केमोथेरपी घेत असलेले, अवयवरोपण झालेले, रोगप्रतिकारशक्ती कमी असलेले लोक असू शकतात. आपल्याला ताप किंवा खोकला असेल तर त्या दिवशी जाऊच नये. हजारो किलोमीटर प्रवास करून आल्यावर हा निर्णय जड जातो, हे मला ठाऊक आहे. तरीही जाऊ नये.

पाहणारा की चालणारा

घरातून निघतानाच ठरवावे की आज आपण पाहणार आहोत की चालणार आहोत. दोन्हींना स्वतःची प्रतिष्ठा आहे, पण मध्येच भूमिका बदलली की दोन्ही बिघडतात.

हे मी एका चुकीतून शिकले. एका शहरात मी फेरीच्या शेपटाजवळ, पदपथावर वही घेऊन उभी होते. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ रांगेतून बाजूला आले, पदपथाच्या कडेवर बसले आणि एका पायातला बूट काढून टाच चोळू लागले. त्यांच्याबरोबरची तरुण स्वयंसेविका खाली वाकून त्यांच्या मोज्यातला खडा शोधत होती, आणि त्यासाठी तिने हातातला फलक क्षणभर धरा म्हणून माझ्यापुढे केला. मी तो धरला. काठीला चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि ती तळहाताच्या घामाने ओली झाली होती. जेमतेम दोन मिनिटांत ते गृहस्थ उठले, मी फलक परत दिला. पण त्या दोन मिनिटांत कोणीतरी छायाचित्र काढले होते, आणि दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वृत्तपत्रात मी ‘परदेशातून आलेली समर्थक’ म्हणून छापले गेले. त्या वेळी त्याचे वाईट परिणाम झाले नाहीत; वेगळ्या देशात ते झाले असते. त्या मुलीला मदत केल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण फलक हातात धरण्याऐवजी तो भिंतीला टेकवून ठेवता आला असता, आणि मोज्यातला खडा मलाही शोधता आला असता.

परदेशी पाहुण्याला पुढे ओढण्याची वृत्ती सगळीकडे असते आणि ती बहुतेक वेळा प्रेमापोटीच असते. व्यासपीठावर बसा, फीत कापा, दोन शब्द बोला, पहिल्या रांगेत चाला, असा आग्रह होतो. तो मान्य केला की रोगाशी वर्षानुवर्षे झुंजणाऱ्या माणसाची जागा आपण घेतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्याच्याऐवजी आपला चेहरा येतो. म्हणून नकाराचे एक वाक्य तिथल्या भाषेत पाठ करून ठेवावे: ‘मी तुमच्याकडून शिकायला आलो आहे, मला कडेलाच उभे राहू द्या.’ हात जोडून किंवा छातीवर हात ठेवून हे म्हटले तर कोणी दुखावत नाही. वार्ताहराने ध्वनिक्षेपक पुढे केला तर आयोजकांकडे बोट दाखवावे. छातीला फीत लावायची की नाही, हे आधीच्या पत्रव्यवहारात आयोजकांना विचारून ठरवावे, कारण काही ठिकाणी ती साधी आपुलकीची खूण असते आणि काही ठिकाणी सहभागाची.

कॅमेरा

छायाचित्रांच्या बाबतीत जितकी काळजी घ्यावी तितकी थोडीच. रस्त्यावरचा माणूस सार्वजनिक जागेत आहे, म्हणून त्याचे छायाचित्र घेणे कायद्याने चालत असेल. पण आरोग्याच्या फेरीत चेहऱ्याबरोबर एका आजाराचे नाव जोडले जाते, आणि ते नाव त्या माणसाने घरी, नोकरीत, घरमालकाला सांगितलेले असेलच असे नाही. तो आपल्या गावाच्या लोकांसमोर चालला, त्याने ते धाडस त्या रस्त्यापुरते केले. त्याचे चित्र जगभर पोहोचवण्याची परवानगी त्यात येत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोण आजारी आहे हे पाहून ओळखता येते असे कधीही समजू नये. दक्षिण आफ्रिकेतील ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या चळवळीने ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले सदरे वापरात आणले, आणि ते संसर्ग असलेल्यांनी व नसलेल्यांनी मिळूनच घातले. डिसेंबर २००२ मध्ये खायेलित्शा येथे उपचार केंद्राला भेट देताना नेल्सन मंडेला यांनीही तो घातला. त्या सदऱ्याचे सामर्थ्य नेमके यात होते की पाहणाऱ्याला कोण आजारी आणि कोण नाही हे कळू नये. अशा फेरीचे छायाचित्र घेऊन त्याखाली ‘एचआयव्हीग्रस्त महिला’ असे लिहिणारा पाहुणा त्या सगळ्या प्रयत्नांवर पाणी फिरवतो, आणि शिवाय बहुधा खोटे लिहितो.

मग करावे काय? लांबून, पाठीमागून, गर्दीचा आकार दिसेल अशी चित्रे घ्यावीत. हात, पाय, फलक, रस्त्यावर पडलेली पत्रके यांची चित्रे चेहऱ्यांइतकेच सांगतात. चेहरा हवाच असेल तर आधी विचारावे, कॅमेरा खाली ठेवून विचारावे, आणि हे चित्र कुठे दिसणार तेही सांगावे. नुसती मान हलली म्हणजे होकार मिळाला असे धरू नये, कारण भाषा न कळलेला माणूस संकोचानेही मान हलवतो. कोणी फलक चेहऱ्यासमोर धरला तर तो नकार आहे. पुन्हा विचारू नये. मुलांच्या बाबतीत पालकांच्या होकाराशिवाय चित्र घेऊच नये, आणि शाळेच्या गणवेशातली मुले असतील तर शाळेचे नावही दिसू देऊ नये. भ्रमणध्वनी प्रत्येक चित्रासोबत ठिकाण नोंदवून ठेवतो. ती सोय निघण्यापूर्वीच बंद करावी. चित्रे त्याच क्षणी सर्वांसमोर टाकू नयेत. ड्रोनचा विचार सोडून द्यावा, आणि पोलीस बंदोबस्ताचे चित्रण तर कुतूहल म्हणूनही करू नये.

काय पाहावे

फेरी निघण्याच्या पाऊण तास आधी पोहोचावे, कारण सर्वांत जास्त कळते ते जमण्याच्या वेळेत. फलक कोण वाटतो, ते घरी हाताने रंगवलेले आहेत की एकाच छापखान्यातून आलेले, लोक एकमेकांना नावाने हाक मारतात की बसमधून उतरून गप्प उभे राहतात, यावरून फेरी कोणाची आहे ते दिसते. स्वतःहून आलेल्या शंभर माणसांची फेरी आणि हुकमाने आणलेल्या हजारांची फेरी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पाहणाऱ्याने तो फरक नोंदवला नाही तर मग त्याने पाहिले तरी काय?

गर्दी मोजायची असेल तर अंदाज करू नये, मोजावी. ओळखीच्या एका खुणेपाशी, म्हणजे एखाद्या दिव्याच्या खांबाजवळ, उभे राहावे आणि दर पाच मिनिटांनी एक मिनिटभर त्या खुणेपुढून जाणारी माणसे मोजावीत. सरासरी मिनिटाला ४० माणसे गेली आणि फेरी पूर्ण पुढे सरकायला ३५ मिनिटे लागली, तर संख्या सुमारे १,४०० होते. शक्य असल्यास सुरुवातीला आणि शेवटाकडे अशी दोनदा मोजणी करावी, कारण लोक वाटेत मिसळतात आणि गळतात. आयोजकांचा आकडा आणि पोलिसांचा आकडा यांत मोठी तफावत असू शकते. वहीत तिन्ही आकडे लिहावेत आणि आपला कसा काढला तेही लिहावे.

त्यानंतर फलक वाचावेत, जमल्यास कोणाकडून तरी अर्थ लावून घ्यावेत. ज्या फेरीला खरेच लोकांचे भले करायचे आहे ती घाबरवण्यावर थांबत नाही, पुढे काय करायचे ते सांगते. क्षयाच्या फेरीत ‘दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर तपासणी करा’ असे लिहिलेले आहे का, तपासणी कुठे होते, किती वाजता, पैसे लागतात का, हे पत्रकावर आहे का? एचआयव्हीच्या फेरीत नियमित उपचारांनी ज्यांच्या रक्तातले विषाणू चाचणीत सापडत नाहीत इतके कमी झाले आहेत त्यांच्याकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे सांगितले जाते का, की अजूनही कवटीचे चित्र काढून भीती घातली जाते? चुकीची माहिती दिसली तर ती रस्त्यातच दुरुस्त करायला जाऊ नये. वहीत नोंद करावी आणि नंतर आयोजकांशी एकांतात, आदराने बोलावे.

फेरीकडे पाहणाऱ्यांकडेही पाहावे. फेरी ज्यांच्यासाठी निघते ते लोक पदपथावर, दुकानांच्या दारांत, खिडक्यांत असतात. पत्रक हातात घेतलेला माणूस ते वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो की चार पावलांवर टाकतो? एका ठिकाणी मी एका बाईंना पत्रकाचा खालचा, दवाखान्याच्या वेळा छापलेला भाग नखाने काळजीपूर्वक फाडून पर्समध्ये ठेवताना पाहिले. वरचा घोषणेचा भाग त्यांनी कचरापेटीत टाकला. पत्रक कसे छापावे हे आयोजकांना त्या एका कृतीतून कळले असते.

बोलताना

‘तुम्हाला हा आजार आहे का?’ हा प्रश्न कोणालाही, कोणत्याही शब्दांत विचारू नये. ‘तुम्ही या फेरीला कसे आलात?’ असे विचारावे; ज्याला सांगायचे आहे तो सांगतो. शब्दांच्या बाबतीत लोक स्वतःला जे म्हणवतात तेच वापरावे. जून १९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे एड्स झालेल्या काही लोकांनी आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, आम्ही एड्स असलेली माणसे आहोत, असे जाहीर केले, आणि तेव्हापासून रोग्याने स्वतःचे नाव स्वतः ठरवावे ही अपेक्षा जगभर रुजली आहे. दुभाषा बरोबर असेल तर त्यालाही हे आधी समजावून सांगावे, कारण आपण जपून विचारलेला प्रश्न भाषांतरात बोचरा होऊ शकतो. मेणबत्त्यांची फेरी असेल तर तिथे बोलूच नये. एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी अनेक देशांत अशा फेऱ्या निघतात, आणि त्यांत चालणारा माणूस बहुधा कोणाचे तरी नाव मनात घेऊन चालत असतो.

केव्हा निघावे

घोषणा अचानक बदलल्या, आयोजकांच्या ओळखीचे नसलेले गट मध्ये शिरले, पोलिसांनी शिरस्त्राणे चढवली किंवा आडरस्ते बंद होऊ लागले, तर ‘अजून थोडे पाहू’ असे म्हणू नये. गर्दीच्या दिशेने किंवा तिच्या विरुद्ध न जाता कडेच्या गल्लीत, तिरके सरकत बाहेर पडावे; ती गल्ली आल्याबरोबर पाहून ठेवलेली असावी. गर्दी इतकी दाट झाली की एका चौरस मीटरमध्ये पाचच्या आसपास माणसे आली, तर आपले पाऊल आपल्या हाती राहत नाही. त्याच्या बऱ्याच आधी बाहेर असावे. पोलिसांनी अडवले तर वाद न घालता पारपत्राची प्रत दाखवावी आणि विचारल्या प्रश्नाचे नेमके उत्तर द्यावे. ताब्यात घेतले तर दूतावासाला कळवण्याची मागणी करावी. वाणिज्य दूतांसंबंधीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने तो हक्क दिला आहे.

तशी वेळ बहुतेकदा येत नाही, आणि मग शेवटपर्यंत थांबावे. भाषणे संपून पाहुणे गेल्यावर फलकांचे काय होते ते पाहावे. सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबर १९८५ मधल्या मेणबत्ती फेरीनंतर लोकांनी एड्सने गेलेल्यांची नावे लिहिलेले फलक एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले. ती भिंत गोधडीसारखी दिसते असे त्या फेरीतले कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांना वाटले, आणि ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये १,९२० तुकड्यांची स्मृती-गोधडी जमिनीवर अंथरली गेली. सगळ्याच फलकांचे असे होत नाही. बहुतेक ठिकाणी दोन-तीन स्वयंसेवक ते गोळा करतात, काठ्या वेगळ्या काढून मोळी बांधतात आणि पुढच्या वर्षासाठी कुठल्याशा खोलीत नेऊन ठेवतात. फेरी विसर्जित झाल्यावर पाहणाऱ्याची भूमिकाही संपलेली असते, तेव्हा विचारून त्या कामाला हात लावायला हरकत नाही. त्याच संध्याकाळी, स्मृती ताजी असताना, वहीतल्या नोंदींत स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले वेगळे करावे, आणि काढलेली सगळी छायाचित्रे आयोजकांकडे पाठवून कोणती पुसायची ते विचारावे. त्यांनी सांगितलेली चित्रे कारण न विचारता पुसावीत.